फ्लोराइटच्या शिरा: आंबाडोंगर आणि वीअरडेल

कॅल्शियमला फ्लोरिन भेटलं की फ्लोराइट हे खनिज तयार होतं. पण शिरांमध्ये, म्हणजे खनिजांनी भरलेल्या खडकातल्या भेगांमध्ये, हे फ्लोरिन आलं कुठून?

गुजरातेत छोटा उदेपूरजवळच्या आंबाडोंगरला उत्तर समोरच दिसतं. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळात, इथे कार्बोनेटाइट हा कॅल्साइटने भरलेला दुर्मीळ शिलारस वर आला. त्याच्या मागोमाग फिरलेल्या गरम पाण्याने फ्लोरिन पुरवलं. कॅल्शियम तर खडकातच होतं.

उत्तर इंग्लंडमधल्या वीअरडेलची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. शिरा चुनखडीसारख्या गाळाच्या थरांत, ग्रॅनाइट मात्र खोल दडलेला. त्याच्याच शिलारसातून खनिजं आली, अशी अटकळ होती. 1960-61 मध्ये रूकहोपला विंधनविहीर खोदली, तर ग्रॅनाइटचा माथा आधीच झिजलेला आणि गाळाचे थर त्यावर नंतर बसलेले! म्हणजे शिरा भरण्याच्या कितीतरी आधी तो निवला होता. पुढे खूप खारं पाणी त्याच्या भेगांतून फिरलं, तापलं आणि वर चढताना निवून, दुसऱ्या पाण्यात मिसळून फ्लोराइट सोडत गेलं. म्हणूनच तिथे जास्त गरम मध्यभागी फ्लोराइट आणि कडेच्या थंड पट्ट्यात बराइट हे बेरियमचं खनिज सापडतं.