एजंट काढला, मेल तसेच राहिले: शेअर्ड इनबॉक्स टूल बरेच महिने वापरल्यावर

बिलिंगच्या पत्त्यावर एक ग्राहक पुन्हा पुन्हा विचारत होता आणि आमच्याकडून कुणीच उत्तर देत नव्हतं. शेवटी त्याने फोन केला. शोधलं तर त्याचे सगळे मेल टूलमध्ये व्यवस्थित आलेले होते आणि एका सहकाऱ्याच्या नावावर पडलेले होते. ती केव्हाच बिलिंगमधून सेल्सला गेलेली. त्या चिडचिडीतून हे लिहितोय.

शेअर्ड इनबॉक्स टूल म्हणजे एकच मेलबॉक्स अनेकांनी मिळून हाताळायची सोय: मेलबॉक्स जोडा (टूलमध्ये तो ‘अकाउंट’), एजंट म्हणजे उत्तरं देणारी माणसं नेमा, आलेला मेल ‘तिकीट’ होऊन कुणाच्या तरी नावावर पडतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, रिन्यूअलची बोलणी अजून चालू आहेत.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. पूर्वी आम्ही एकच पासवर्ड सगळ्यांत वाटून वापरायचो. आयमॅपमध्ये (सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीत) ‘वाचलं’ ही खूण मेलबॉक्समधल्या मेलवर बसते, कुणी वाचलं याची नोंद तिथे नसते. एकाने नुसतं डोकावून पाहिलं तरी बाकीच्यांना वाटायचं, याचं काम झालेलं दिसतंय. आता दोघांनी एकच मेल उघडला तर वर पिवळी पट्टी येते की अमुक उत्तर लिहीत आहेत. एवढ्या पट्टीसाठीसुद्धा मी पैसे दिले असते.

ऑटो असाइनबद्दलचं, म्हणजे टूलने आपोआप काम वाटण्याबद्दलचं, मत मात्र बदललं. ‘ज्याच्याकडे कमी तिकिटं त्याला पुढचं’ हा पर्याय सुरुवातीला फार न्याय्य वाटला होता. प्रत्यक्षात जो भराभर तिकिटं बंद करतो त्याच्याच डोक्यावर नवीन काम येतं. हे लक्षात आलं तशी मंडळी झालेली तिकिटंही उघडी ठेवू लागली. मुकाट्याने राउंड रॉबिनवर, म्हणजे आळीपाळीने प्रत्येकाला एकेक, परत आलो. ते मठ्ठ आहे, पण त्याला कुणी फसवू शकत नाही.

आता मूळ दुखणं. अकाउंटच्या सेटिंगमध्ये एजंटांची यादी आहे, प्रत्येक नावापुढे टिक. टिक काढली की खाली कोपऱ्यात ‘बदल जतन झाला’ असं क्षणभर चमकतं आणि संपलं. त्या एजंटच्या नावावर उघडी तिकिटं आहेत का, ती कुणाकडे द्यायची, काही विचारत नाही. तिकिटं तिच्याच नावावर राहतात, पण तिला ते अकाउंट दिसत नाही. ‘कुणाकडेच नाही’ या रांगेत ती येत नाहीत, कारण कागदोपत्री मालक आहे. इतरांच्या ‘माझे’मध्ये येण्याचा प्रश्नच नाही. राहिली ‘सगळे’ ही यादी, ती कोण उघडतो?

त्यात ग्राहकाने पुन्हा लिहिलं की अजून पंचाईत. उत्तराच्या मेलमध्ये ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ हे हेडर असतात, म्हणजे हे कोणत्या मेलचं उत्तर ते सांगणाऱ्या लपलेल्या ओळी; ईमेलच्या १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकातही त्या होत्या. टूल त्यावरून नवा मेल बरोबर जुन्याच तिकिटाला चिकटवतं, म्हणजे त्याच अडकलेल्या मालकाकडे पाठवतं. काम चोख, निकाल शून्य.

हेल्प पेजवर याबद्दल काय लिहिलंय? ‘एजंट नेमण्यासाठी किंवा काढण्यासाठी नावापुढील टिक बदला आणि सेव्ह दाबा.’ बस. सोबत जुन्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट, त्यात सेव्हचं बटण, जे आता स्क्रीनवर नाहीच. सपोर्टला लिहिलं तर त्यांनी याच पानाची लिंक पाठवली. पुन्हा लिहिलं तर ‘ही अपेक्षित वागणूक आहे’. मग निदान तेवढं तरी पानावर लिहा म्हटलं, तर ‘फीडबॅक संबंधित टीमकडे पाठवला आहे’. पान आजही तसंच आहे.

सगळ्यात राग याचा की सोय त्यांच्याकडे आहे! एजंट पूर्ण निष्क्रिय करायला गेलं की टूल नीट विचारतं, ‘उघडी तिकिटं कुणाकडे द्यायची?’ तोच प्रश्न एका अकाउंटपुरता विचारायला काय जातं? आणि निष्क्रिय केल्याशिवाय सीट (माणशी पैसे लागणारी जागा) मोकळी होत नाही. म्हणजे कुठल्याच अकाउंटवर नसलेल्या माणसाचेही दरमहा पैसे. तेही हेल्प पेजवर नाही, बिलावर कळलं.

शेवटी आमचं पान आम्हीच लिहिलं. कोणत्या अकाउंटवर कोण, तो नसेल तर कोण. काढायचा क्रम: आधी एजंट आणि अकाउंट दोन्ही फिल्टर लावून उघडी तिकिटं गोळा करा, एकगठ्ठा दुसऱ्याच्या नावावर करा, मगच टिक काढा. शिवाय मेलबॉक्स कुणाच्या लॉगिनने जोडलाय तेही लिहून ठेवलंय. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या त्यांच्या मेलसेवेतलं बेसिक ऑथेंटिकेशन (नुसतं नाव-पासवर्ड देऊन जोडणं) बंद करायला घेतलं, तेव्हापासून तिथे अशी जोडणी ओऑथने होते, म्हणजे टूलला पासवर्ड न देता कुणीतरी लॉगिन करून परवानगी देतो. ज्याच्या लॉगिनने परवानगी दिली त्याचं खातं बंद झालं की मेल खेचणंही बंद.

टूल सोडत नाही, पिवळ्या पट्टीची सवय झालीय. वर्षाचे एकदम भरले तर सूट आहे, तरी यंदा महिन्याचाच प्लॅन घेतोय. सपोर्टला कारणही कळवलंय: त्यांच्या हेल्प पेजवर ही वागणूक सांगणारी ओळ आली की वर्षाचे भरतो.