‘फक्त गॅस भरावा लागेल’: जुन्या मियाटाच्या एसीच्या नावाखाली झालेली फसवणूक

मार्च २०२३ मध्ये मी ह्यूस्टनमध्ये १९९१ सालची माझदा मियाटा विकत घेतली. पुण्यात कॉलेजात असताना एका जुन्या परदेशी मासिकात तिचे उघडझाप करणारे हेडलाइट पाहिले होते, तेव्हापासून ही छोटी दोन आसनी गाडी मनात होती. इंजिन उत्तम होते, पत्र्याला गंज नव्हता, छताचे कापडही नवे होते. एसी मात्र गार हवा देत नव्हता. त्याबद्दल विचारल्यावर विकणाऱ्याने सांगितले, “त्यात विशेष काही नाही, फक्त गॅस भरावा लागेल.” मी त्यावर विश्वास ठेवला. पुढे जे घडले त्याची सुरुवात याच वाक्यापासून झाली, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गॅस दाबणारा काँप्रेसर, तो गार करणारा कंडेन्सर, ओलावा शोषणारा ड्रायर, गॅसचा प्रवाह आवरणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि केबिनची हवा गार करणारा इव्हॅपोरेटर या बंदिस्त साखळीत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी पाइपांतून आणि काँप्रेसरच्या दांड्याजवळच्या सीलमधून थोडाफार गॅस झिरपतो हे खरे, पण एसी पूर्णच गरम हवा देऊ लागला असेल तर कुठेतरी नक्की गळती आहे असेच समजले पाहिजे. खरोखर गॅसच भरायचा असता, तर विकणाऱ्याने तो भरून, गार हवा दाखवून गाडीला चार पैसे जास्त मागितले असते. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

दुसरा प्रश्न गाडीच्या वयाचा होता. १९९० ते १९९३ च्या मियाटांत आर-१२ हा गॅस असे आणि १९९४ पासून आर-१३४ए आला. आर-१२ ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आले आणि अमेरिकेत ते १९९५ अखेर बंद झाले. जुना साठा आजही मिळतो, पण तो महाग असतो आणि प्रमाणित तंत्रज्ञालाच विकत घेता येतो. त्यामुळे बहुतेक मालक गाडी आर-१३४ए वर बदलून घेतात. हा बदल नीट केला तर चांगला टिकतो, परंतु त्यात कामचुकारपणाला भरपूर वाव असतो आणि तो बॉनेट उघडून सहज दिसत नाही.

मे महिन्यात ह्यूस्टनचा दमट उकाडा सुरू झाल्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलेल्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली. मालक बोलायला अतिशय नम्र होता. त्याने पाच मिनिटांत निदान केले: काँप्रेसर गेला आहे, तो नवा बसवू, ड्रायर बदलू, जोडांतल्या सगळ्या रबरी ओ-रिंगा बदलू, तासभर व्हॅक्यूम लावू म्हणजे पंपाने आतली हवा काढू आणि आर-१३४ए भरू. खर्च १,३०० डॉलर, रोख दिल्यास १,१५०. मी रोख दिले. पावतीवर ‘एसी दुरुस्ती, काँप्रेसर, गॅस’ एवढेच लिहिले होते. कोणता गॅस, किती वजनाचा, कोणते तेल, सुटा भाग कोणत्या कंपनीचा, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नव्हती. जुना काँप्रेसर मी मागितला नाही. दहा दिवसांनी मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

एकोणीस दिवस एसी छान चालला. विसाव्या दिवशी हवा कोमट झाली. पुन्हा गेलो, तर “पहिल्यांदा गॅस थोडा स्थिरावतो” असे सांगून त्याने १४० डॉलर घेतले आणि गॅस भरला. गॅस स्थिरावतो हे धादांत खोटे आहे. ही दुसरी भरती नऊ दिवस टिकली. तिसऱ्या वेळी त्याने चेहरा गंभीर करून इव्हॅपोरेटर फुटल्याचे सांगितले. त्यासाठी डॅशबोर्डखालचे बरेच काही उघडावे लागेल आणि आणखी १,६०० डॉलर लागतील, असे तो म्हणाला. त्या दिवशी मात्र मी गाडी घेऊन निघून आलो.

त्यानंतर मी जुन्या गाड्यांच्या एसीचेच काम करणाऱ्या एका वयस्कर तंत्रज्ञाकडे गेलो. त्याने आपले मशीन गाडीला जोडायलाच आधी नकार दिला. “आत काय आहे ते कळल्याशिवाय मी माझी नळी लावणार नाही,” असे म्हणून त्याने एक छोटे गॅस ओळखणारे उपकरण लावले. मिनिटभरात त्याच्या पडद्यावर आकडे आले. आर-१३४ए निम्म्याहून थोडे अधिक होते, त्याखालोखाल हायड्रोकार्बन आणि उरलेली हवा. हायड्रोकार्बन म्हणजे प्रोपेन-ब्युटेनच्या जातीचा, पेट घेणारा गॅस. अमेरिकेत आर-१२ च्या जागी असा गॅस गाडीत भरायला पर्यावरण संरक्षण संस्थेची सक्त मनाई आहे. पण तो स्वस्त असतो आणि थोडे दिवस उत्तम गारवा देतो. इव्हॅपोरेटर प्रवाशांच्या पायांपुढे, डॅशबोर्डच्या आत बसवलेला असतो. तिथे गळती झाली तर हा गॅस थेट केबिनमध्ये येतो आणि मियाटाची केबिन खोलीतल्या कपाटाएवढी लहान असते. माझी अकरा वर्षांची मुलगी त्या एकोणीस दिवसांत रोज संध्याकाळी त्या सीटवर बसून पोहण्याच्या वर्गाला जात होती. पैसे गेल्याचे दुःख मी विसरेन, पण या गोष्टीचा राग अजून उतरलेला नाही.

मग त्याने मला बॉनेटखाली वाकून एकेक गोष्ट दाखवली. ‘नवा’ काँप्रेसर काळ्या स्प्रेने रंगवलेला होता. रंगाचे बारीक तुषार शेजारच्या ब्रॅकेटवर आणि वायरीच्या आवरणावर उडाले होते आणि रंगाखालून मोडीच्या यार्डात पिवळ्या खडूने घातलेला आकडा पुसट दिसत होता. ड्रायरच्या बोल्टवर तीस वर्षांचा गंज अखंड होता. पाना लागला असता तर त्या बोल्टच्या कडा चकाकल्या असत्या, पण तिथला मातीचा थरसुद्धा हललेला नव्हता. ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात. साखळी उघडली की तो बदलायचाच असतो, शिवाय आर-१२ च्या काळातल्या ड्रायरमधले दाणे आर-१३४ए ला चालतीलच असे नाही. आर-१३४ए भरण्यासाठीच्या जोडण्याही अर्धवट होत्या. कमी दाबाच्या बाजूला एक अडॅप्टर पिळून बसवला होता, कारण दुकानात मिळणारा गॅसचा डबा तिथेच लागतो, आणि जास्त दाबाच्या बाजूचे तोंड जुनेच होते. नियमाप्रमाणे गॅस बदलल्यावर बॉनेटखाली आर-१३४ए चे आकाशी रंगाचे लेबल लावावे लागते आणि त्यावर काम करणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, गॅसचे वजन आणि तेलाचा प्रकार लिहावा लागतो. माझ्या गाडीत ते लेबल नव्हतेच.

शेवटी त्याने कंडेन्सरजवळचा एक जोड उघडला आणि त्यातली ओ-रिंग माझ्या तळहातावर ठेवली. ती गोल राहिलेली नव्हती. दोन्ही बाजूंनी चपटी, कडक आणि नखाने दाबली तर तडा जाईल अशी झाली होती. मूळची गळती तीच होती. तिची किंमत दोन डॉलरसुद्धा नाही. सुरुवातीलाच नायट्रोजनचा दाब देऊन किंवा अतिनील दिव्यात चमकणारा रंग सोडून कुणी शोधले असते, तर ती अर्ध्या तासात सापडली असती.

आता मात्र काम तेवढ्यावर भागणार नव्हते. दुसऱ्या भरतीच्या वेळी गळती बुजवणारा द्रवही आत सोडलेला होता. हा द्रव हवा आणि ओलावा लागला की घट्ट होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे बारीक छिद्र बुजवतो आणि पुढच्या मेकॅनिकचे महागडे मशीनही निकामी करू शकतो. म्हणूनच चांगले गॅरेज अशी गाडी घ्यायला कचरते. शिवाय व्हॅक्यूम लावलेलाच नव्हता. व्हॅक्यूममध्ये आतल्या पाण्याची वाफ होऊन ते बाहेर खेचले जाते. ते राहिले तर गॅस आणि तेलाबरोबर आम्ल तयार होते आणि ते धातूला आतून खाते. जुने खनिज तेलही आतच होते आणि ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे काँप्रेसर जवळजवळ कोरडाच फिरत होता. दूषित गॅस वेगळ्या टाकीत काढून नष्ट करायला पाठवणे, पाइप धुणे, काँप्रेसर, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ड्रायर आणि आर-१३४ए ला चालणारे एस्टर तेल मिळून १,९२० डॉलर झाले. या वेळी मी क्रेडिट कार्डाने पैसे दिले, जुने भाग खोक्यात घालून घरी आणले आणि व्हॅक्यूम गेजचा काटा पाऊण तास जागचा हलला नाही हे समोर उभे राहून पाहिले. गॅस वजनकाट्यावर मोजून, मूळच्या आर-१२ च्या सुमारे ८५ टक्के भरला. मूळचे वजन गाडीतच छापलेले असते, ते मीही वाचले.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की एसीच्या कामाला गाडी देण्यापूर्वी मेकॅनिककडे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यातल्या कलम ६०९ चे प्रमाणपत्र पाहायला मागावे. पैसे घेऊन गाडीच्या एसीचे काम करणाऱ्याला अमेरिकेत ते बंधनकारक आहे आणि ज्याच्याकडे असते तो ते आनंदाने दाखवतो. गळती कुठे आहे हे बोट ठेवून दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नये.

खोक्यातल्या भागांची छायाचित्रे आणि दुसऱ्या तंत्रज्ञाचा लेखी अहवाल जोडून मी पहिल्या गॅरेजला पत्र पाठवले. टेक्ससमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस न्यायालयात वकिलाशिवाय लावता येतो, आणि तशी तयारी असल्याचे मी पत्रात स्पष्ट लिहिले. तीन आठवड्यांनी ९०० डॉलरचा धनादेश आला, सोबत एका ओळीचीही दिलगिरी नव्हती. रोखीने व्यवहार केल्यामुळे उरलेले पैसे सिद्ध करणे अवघड होते, म्हणून मी तो स्वीकारला.

गेल्या महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांचा फोन आला. त्यांनी १९९० ची निस्सान ३००झेडएक्स घेतली आहे आणि दुसऱ्या दिवशी ते ती त्याच गॅरेजमध्ये नेणार होते. “काही मोठे काम नाही रे, फक्त गॅस भरायचा आहे,” ते म्हणाले. मी त्याच संध्याकाळी ती ओ-रिंग आणि तो रंगवलेला काँप्रेसर घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकांनी काँप्रेसर दिव्याखाली धरून खडूचा आकडा वाचला आणि तिथूनच फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली.