पळस, अंजन, बहावा: खान्देशी ऋतूंच्या तीन गोधड्या

जळगाव जिल्ह्यातल्या एका बचत गटाने शिवलेल्या या तीन गोधड्या: फाल्गुनातला पळस, चैत्रातला अंजन, वैशाखातला बहावा. तिन्ही 90 बाय 60 इंच. वरचं-खालचं कापड नवं सुती, आतले थर जुन्या लुगड्यांचे, शिलाई सगळी हाताची. झाड बघून नक्षी काढणं त्यामानाने सोपं. त्या झाडाच्या ऋतूत पांघरवेल अशी गोधडी शिवणं अवघड, आणि तिथेच तिसरी घसरली आहे.

पळस उत्तम जमलाय. झाडावर एकही पान नाही आणि ते बरोबरच आहे, कारण ऐन फुलोऱ्यात पळस जवळपास निष्पर्ण असतो. केशरी पाकळ्यांना पोपटाच्या चोचीसारखा बाक आहे आणि बुडाशी काळपट तपकिरी तुकडा वेगळा लावलाय. असा बाक ठिगळकामात आणणं जिकिरीचं. पाव इंच कड आत मुडपायची, पण आतल्या वळणावर आधी बारीक चिरा द्याव्या लागतात. चिरा नसतील तर कापड ताणून सुरकुत्या पडतात, आणि चीर दुमडीच्या रेषेपर्यंत गेली तर धुतल्यावर धागे सुटतात. इथे एकाच फुलाची चीर खोल गेली आहे. चार दाट टाके घातले की सावरेल. केशरी कापड पक्क्या रंगाचं घेतलं हेही योग्य, कारण पळसफुलांचा रंग रंगपंचमीला शोभतो, उन्हाला आणि धुण्याला टिकत नाही. चारही कोपऱ्यांवर नेहमीच्या त्रिकोणी ठिगळाऐवजी पळसाची पानं आहेत, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीनच आहेत. आत चार थर. होळी जळाली, थंडी पळाली खरं, पण होळीआधीच्या पहाटेला एवढी ऊब लागतेच.

अंजनात ठिगळ नाहीच, नुसता धावदोरा. बुडाशी जोडलेल्या दोन पाकळ्यांचं ते पान, पंख उघडलेल्या फुलपाखरासारखं. त्याच्याभोवती अर्ध्या अर्ध्या इंचावर त्याच आकाराच्या रेषा फिरत गेल्यात, इंचाला पाच टाके. दोरा तांबूस, कारण चैत्रातली कोवळी पालवी तशीच असते. इतक्या दाट शिलाईत मधे फुगा येण्याची भीती असते. तो आला नाही, कारण आधी कच्चे टाके मध्यापासून कडेकडे घालून थर बसवून घेतलेत. उसवलेल्या टाक्यांची बारीक छिद्रं कापडावर अजून दिसतात. तीन थरांची ही गोधडी हातात घेतली की सोडवत नाही.

बहाव्याचे पिवळे घोस खाली लोंबते दाखवलेत, शेजारी लांब काळ्या शेंगा. दिसायला देखणी, पण आत सहा थर! वैशाखात अंथरूण गच्चीवर जातं, तिथे ही कोण पांघरणार? हिला दुपट्यासारखे दोनच थर हवे होते. शिवाय आतला एक थर पॉलिस्टरमिश्रित आहे. पहिल्या धुण्यात सुती थर आटले, तो आटला नाही, म्हणून साऱ्या गोधडीवर लाटा उठल्या. शेंगांचा काळा रंगही शेजारच्या पिवळ्या फुलांवर उतरला. कापायच्या आधी ओलं पांढरं फडकं काळ्या कापडावर घासून पाहिलं असतं तर हे लगेच कळलं असतं.

पळस आणि अंजन खुशाल घ्या. बहावा हवाच असेल तर दोन थरांचा, निव्वळ सुती, कापड आधी धुऊन आटवलेला असा सांगून शिवून घ्या. धुताना गार पाणी, सौम्य साबण, आणि पिळायचं नाही. वाळवताना एका दोरीवर टाकू नका, ओल्या गोधडीच्या वजनाने मधले टाके तुटतात. सावलीत बाजेवर पसरा किंवा तीन-चार दोऱ्यांवर आडवी टाका.