आधी इन्स्ट्रक्टर की आधी टेक डायव्हर?

स्कुबा डायव्हिंगमधला रेस्क्यूचा कोर्स झालाय, नायट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचं) कार्ड आहे आणि पुढेमागे टेक्निकल डायव्हिंग, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडचं डायव्हिंग, शिकवायचं मनात आहे, अशा पुणेकरासमोर दोन रस्ते असतात. एक म्हणजे डायव्हमास्टर (पाण्यात गट नेणारा वाटाड्या), मग इन्स्ट्रक्टर आणि त्यावर टेक. दुसरा म्हणजे आधी स्वतः टेक डायव्हर होऊन त्या पाण्यात मुरायचं आणि शिकवायचं नंतर बघायचं. बहुतेक संस्था साध्या इन्स्ट्रक्टरच्या कार्डाशिवाय टेक शिकवू देत नाहीत, त्यामुळे पायऱ्या दोन्हीकडे जवळपास त्याच. प्रश्न क्रमाचा आहे. मी डायव्हमास्टरपर्यंत पहिल्या रस्त्याने गेलो आणि तिथून वळलो.

पहिल्या रस्त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. माणूस पाण्यात घाबरतो तेव्हा आधी त्याचे डोळे बदलतात, श्वास नंतर चढतो. हे ओळखायला नवख्यांसोबतच राहावं लागतं. टेकच्या विद्यार्थ्यालाही शेवटी असाच नजर असलेला शिक्षक हवा असतो. शिवाय चार पैसे हातात येतात, किनाऱ्यावर ओळखी होतात, कंप्रेसरपासून होडीच्या नांगरापर्यंत सगळं अंगवळणी पडतं. विशीत असाल, नोकरीचं ओझं नसेल, तर हा रस्ता वाईट म्हणणार नाही.

मला खटकलं ते लॉगबुक. ज्या सेंटरवर मी सुट्ट्यांमध्ये काम करायचो, तिथे दिवसभर पर्यटकांच्या ट्राय डायव्ह, म्हणजे कोर्स न करता हात धरून मारलेल्या बुड्या, चालायच्या. पाणी उथळ, एक हात पाहुण्याच्या सिलिंडरच्या वाल्व्हवर, दुसऱ्याने त्याच्या जॅकेटमध्ये हवा भरायची नाहीतर सोडायची. फोटोग्राफर समोर आला की पाहुण्याला स्थिर धरायचं. हे सगळं नीट व्हावं म्हणून आपण मुद्दाम दोन वजनं जास्त लावतो आणि पाण्यात उभेच राहतो. सीझन संपेपर्यंत लॉगबुक जाडजूड होतं. आणि मग एखाद्या दिवशी स्वतःसाठी डायव्ह करायला गेलं की गुडघे आपोआप खाली लोंबायला लागतात. माझी ट्रिम, म्हणजे पाण्यात आडवं, सपाट तरंगणं, आधी बरी होती. तिथे ती हळूहळू बिघडत गेली आणि माझ्या लक्षातही आलं नाही. एका मित्राने काढलेल्या व्हिडिओत दिसलं तेव्हा कळलं. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमाने डायव्हमास्टरचं कार्ड मिळायला 60 डायव्ह लागतात आणि इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला 100. त्यातल्या किती अशा हात धरून केलेल्या, हे कार्डावर छापून येत नाही.

ट्रिमचं एवढं काय, असं वाटेल. हौशी डायव्हिंगमध्ये खरंच फारसं काही नाही; बिघडलं तर हळूहळू वर येता येतं. डिकोत, म्हणजे शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडावा म्हणून थांबत थांबत वर यावं लागतं अशा डायव्हमध्ये, ती सोय संपते. 45 मीटरवर ठरलेला वेळ काढला की डोक्यावर न दिसणारं छत येतं आणि स्टॉप पूर्ण केल्याशिवाय ते ओलांडता येत नाही. 21 मीटरवर पन्नास टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर बदल करायचा, 6 मीटरवर शुद्ध ऑक्सिजनवर. तोच पन्नास टक्क्यांचा सिलिंडर चुकून 40 मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा दाब 2.5 बारवर जातो. ठरलेली कमाल मर्यादा 1.6 आहे. त्याने झटका (फिट) आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून बदल करताना सिलिंडरवरचा आकडा वाचायचा, होज हाताने शेवटपर्यंत तपासायची, जोडीदाराला दाखवायचं, आणि हे सगळं करताना एकाच खोलीवर तरंगत राहायचं. शिकवणाऱ्याने तर स्वतः हे करता करता समोरच्या दोघांवर लक्ष ठेवायचं. माझ्या मते त्याच्या स्वतःच्या ट्रिमकडे तोवर त्याला बघावं लागता कामा नये.

दुसऱ्या रस्त्याची अडचण सरळ आहे: पैसे जातात, येत काहीच नाही. ट्विनसेट (पाठीवरचे जोडीचे सिलिंडर), बॅकप्लेट (ते धरणारी पाटी), विंग (तरंगायला हवा भरायची पिशवी), दोन रेग्युलेटर, लांब होज. हीलियम आपल्याकडे इतकं महाग की ट्रायमिक्सचा (हीलियम मिसळलेल्या श्वासवायूचा) विचार बहुतेक जण परदेशातल्या कोर्ससाठी राखून ठेवतात. पुण्यात समुद्र नाही, आणि पोहण्याच्या तलावावर सिलिंडर न्यायचा म्हटलं की व्यवस्थापक आधी फरशीकडे बघतात. वाल्व्ह बंद करून उघडायचा सराव म्हणून मी घरी खुर्चीवर बसून, ट्विनसेट पाठीला लावून करायचो. घरच्यांनी यावर काय म्हटलं ते सोडून देऊ.

आणि घाट. डायव्हनंतर लगेच उंचीवर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. मालवणहून पुण्याला यायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. आंबोलीच साधारण 690 मीटरवर आहे आणि पुणे 560 च्या आसपास. विमानासाठी डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, एकापेक्षा जास्त डायव्ह केल्या असतील तर 18 तास थांबायचं, आणि डिको केली असेल तर त्याहून जास्त. घाटाचा हिशोब मात्र रविवारी दुपारी गाडीत बसताना कोणी करत नाही. डिकोची डायव्ह शनिवारी सकाळी आटपायची आणि रविवार किनाऱ्यावर काढायचा, एवढं तरी पाळावं.

माझं ऐकायचंच तर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या माणसाने दुसरा रस्ता धरावा. पगार चालू असतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या कमाईची घाई नसते. टेक 40 या सुरुवातीच्या कोर्सला पाडी 30 डायव्ह मागते, टीडीआय या टेक संस्थेच्या इंट्रो टू टेकला 25. मी यांना किमान आकडे मानतो, लक्ष्य नाही. इंट्रोनंतर निदान एक पूर्ण सीझन फक्त त्याच सेटअपमध्ये, 30 मीटरच्या आत, डिकोशिवाय डायव्ह कराव्यात. कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि अंदमान दोन्ही त्याला चालतात. कोर्स घेण्याआधी शिक्षकाला विचारा, विद्यार्थी सोबत नसताना स्वतःसाठी शेवटची डिको डायव्ह कधी केली. दोघांनी मला यावर गोल गोल उत्तर दिलं. तिसऱ्याने लॉगबुक पुढे केलं, त्याच्याकडे शिकलो.