तालुक्याच्या मॅरेथॉनला चिप की स्टॉपवॉच?

चोपडा, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, गाव कुठलंही घ्या. हिवाळ्यात पाच-दहा किलोमीटरची स्पर्धा ठरली की समितीच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, चिप टायमिंग (धावपटूला लावलेल्या चिपवरून आपोआप वेळ नोंदवणं) घेऊ, क्यूआर कोड लावू, कागद वाचेल, ‘ग्रीन’ स्पर्धा म्हणून नावही होईल. दुसरा म्हणतो, शिट्टी, स्टॉपवॉच आणि वही आहे की! माझं मत आधीच सांगतो: डिजिटलवर पैसे घालायचेच असतील तर पहिला रुपया नोंदणीवर घाला, चिपचं नंतर बघू.

कागदी फॉर्म की ऑनलाइन नोंदणी

स्पर्धेत माल वाया जातो तो अंदाजापायी. कागदी फॉर्म आदल्या रात्रीपर्यंत येत राहतात, आकडा कुणालाच कळत नाही. मग ‘कमी नको पडायला’ म्हणत टी-शर्ट, पदकं, नाश्ता सगळंच वाढवून मागवतात. उरलेल्या पॉलिस्टरच्या टी-शर्टवर वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी ते देताही येत नाहीत. ऑनलाइन फॉर्ममध्ये साइज विचारली आणि तीन आठवडे आधी नोंदणी बंद केली की नेमकी ऑर्डर देता येते. त्यासाठी साधा गूगल फॉर्म आणि यूपीआय पुरे. मात्र सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरांना रेंज मिळेलच असं नाही. त्यांच्या क्रीडाशिक्षकांकडून व्हॉट्सॲपवर एकगठ्ठा यादी घ्या. ‘फक्त ऑनलाइन’चा हट्ट धरलात तर डोंगरात पळून तयार झालेली पोरंच बाहेर राहतील.

चिप की स्टॉपवॉच

बिब म्हणजे धावपटूच्या छाती-पोटावर लावायचा नंबरचा कागद. त्यामागची चिप म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा अँटेना आणि मधे मायक्रोचिपचा बारीकसा तुकडा. बॅटरी नसते, रेषेवर अंथरलेल्या मॅटमधून रेडिओ लहरी आल्या की ती आपला नंबर सांगते. ती एकदाच वापरायची. कागद, प्लास्टिक, धातू एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे भंगारातही तिला किंमत नाही. बुटाला किंवा घोट्याला बांधायची चिप परत वापरता येते, बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९९६ साली आली ती याच जातीची. पण फिनिशनंतर ती एकेकाकडून सोडवून घ्यायला माणसं लागतात आणि डिपॉझिटही ठेवावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. नऊनंतर उन्हाचा चटका बसायला लागला की धावणारे डोक्यावर पाणी ओतून घेतात. ओला बिब पोटाला चिकटला की पाणी त्या लहरी शोषून घेतं आणि मॅटला चिप दिसत नाही. म्हणून चिप घेतली तरी फिनिशवर मोबाइलचा व्हिडिओ चालू ठेवा.

स्टॉपवॉचची पद्धत तीनशे धावपटूंपर्यंत सहज चालते. फिनिशनंतर दोरीने एकच माणूस मावेल अशी गल्ली करायची. एकाने प्रत्येकाला लॅपचं बटण दाबायचं, दुसऱ्याने त्याच क्रमाने बिब नंबर लिहायचे. एक मात्र खरं, मागच्या रांगेत उभा असलेला स्टार्टच्या रेषेपर्यंत पोहोचण्यात जेवढा वेळ घालवतो, तो स्टॉपवॉच त्याच्या नावावर मांडतं. स्टार्टलाही मॅट असेल तर चिप तो वजा करते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना सेकंदाचं मोल फार. त्यांची १६०० मीटरची शर्यत वीस-वीसच्या तुकड्यांत सोडा, मग स्टॉपवॉचही तितकंच खरं बोलतं. धावपटू पाचशेच्या वर आणि अंतरं दोन-तीन असतील तर चिप घ्या, पण परत वापरायची मिळते का ते आधी विचारा.

बाटली की जार

पाचशे धावपटू आणि तीन पाणी-थांबे म्हणजे छोट्या बाटल्यांचा आकडा १५०० वर गेला, त्यातल्या निम्म्या अर्ध्याच पिऊन रस्त्यावर पडणार. लंडन मॅरेथॉनने २०१९ मध्ये एका थांब्यावर समुद्री शेवाळाच्या, चक्क खाता येणाऱ्या वेष्टनात पेय दिलं होतं. आपल्याला जार बरे. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि स्टीलचे ग्लास धुवायला पुन्हा पाणी लागतं. त्यापेक्षा नोंदणीच्या फॉर्ममध्येच ‘स्वतःची बाटली आणणार का?’ हा प्रश्न टाका, म्हणजे जार किती आणि ग्लास किती तेही कळेल.

एलईडी स्क्रीन की मोबाइलवर लाइव्ह

स्क्रीन आली की बहुधा जनरेटर आलाच. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तासाला दहा लिटर पिणारा जनरेटर धरला तर २७ किलो झाले. तासभर ऑनलाइन व्हिडिओ बघण्याचा (टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल सगळं धरून सरासरी) हिशोब आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये सुमारे ३६ ग्रॅम मांडला होता. म्हणजे साडेसातशे लोकांनी तासभर लाइव्ह पाहिलं तर जनरेटरच्या एका तासाची बरोबरी होईल, आणि तालुक्याच्या स्पर्धेचं लाइव्ह एवढे लोक बघतात कुठे! स्क्रीनशिवाय प्रायोजक ऐकतच नसतील तर पॅरिस ऑलिंपिकने २०२४ मध्ये केलं तेच करा, जनरेटरऐवजी ग्रिडची वीज घ्या. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज मात्र वेळेत द्या. आदल्या दिवशी धावपळ केलीत तर शेवटी जनरेटरवाल्यालाच फोन जाणार.