१०४.८ : म्याऊ, ओये, इश्क... काही महिने ऐकल्यावर

स्पॉटिफायचं सब्स्क्रिप्शन संपलं आणि रिन्यू करायचा कंटाळा आला म्हणून परत एफएम लावायला लागलो, ठाणे ते दादर रोज लोकलमध्ये, वायरवाला इअरफोन लावून. (वायर लागतेच हां, तीच अँटेना असते, ब्लूटूथवाल्यांनी फोनला शिव्या देऊ नका.) सगळी स्टेशनं फिरून शेवटी १०४.८ वर जरा टिकलो.

आता या फ्रिक्वेन्सीची गंमत सांगतो कारण नव्या पोरांना माहीतच नाही. २००७ ला इथे म्याऊ आलं, इंडिया टुडे ग्रुपचं, मुंबई दिल्ली कोलकाता तीन शहरांत, आणि चक्क बायकांसाठीचं स्टेशन! गाणी होती पण मुख्य काम गप्पांचं, फोन-इन, नवरा-सासू-ऑफिस-डेटिंग सगळं. आमची वहिनी स्वयंपाक करताना ऐकायची आणि दादा आत आला की आवाज कमी करायची, काय ऐकत होती देव जाणे. मग ते गेलं आणि ओये आलं, म्हणजे हिंदी हिट गाणी, जी बाकी चार ठिकाणी पण लागत होतीच. २०१६ ला परत पाटी बदलली, इश्क, सगळं रोमँटिक. २०१८ ला करीना कपूरचा बायकांच्या विषयांवरचा गप्पांचा शो इथेच सुरू झाला तेव्हा मला हसूच आलं, म्हणजे फिरून म्याऊच की, फक्त स्टार मोठी!

गप्पांचं स्टेशन शेवटी गाण्यांवरच का येतं यावर माझं मत, पटलं तर घ्या. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, म्हणजे गप्पांचा अर्धा माल आधीच बाद. उरलेल्या गप्पांना चांगली बोलणारी माणसं, रिसर्च, पगार लागतात, गाणं काय कॉम्प्युटर लावतो. त्यात २००७ लाच रॅम नावाची श्रोते मोजायची पद्धत आली, त्यात निवडलेली माणसं डायरीत लिहायची कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते. आकडे हातात आले की जाहिरातवाला आकडा बघतो आणि आकडा मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे बॉलिवूड हिट. शिवाय फेज टूमध्ये (म्हणजे सरकारने खासगी एफएमचे परवाने वाटले त्याचा दुसरा टप्पा) एका कंपनीला एका शहरात एकच स्टेशन, त्यामुळे प्रयोग फसला तर दुसरीकडे भरून काढायची सोय नाही. फेज थ्रीमध्ये जास्त स्टेशनं घ्यायची मुभा मिळाली तेव्हाच तर मुंबईत ९१.९ वर नशा सारखं नुसतं जुन्या गाण्यांचं स्टेशन निघू शकलं. तेही मी ऐकतो, सत्तर-ऐंशीची गाणी हवी असतील तर झकास.

वापराचं बोलायचं तर इश्क फॉरमॅट रात्री आठनंतर मस्त, दमून परत येताना हळू गाणी बरी वाटतात. सकाळी नको, ८:१२ च्या फास्टला दारात लटकून विरहगीत ऐकणं म्हणजे छळ आहे. मराठी गाणं ऐकायचं असेल तर कुठल्याच खासगी हिंदी स्टेशनवर विसंबू नका, त्यासाठी आकाशवाणी. आणि जाहिराती, हे सगळ्याच खासगी स्टेशनांचं सांगतोय, बिल्डरच्या जाहिराती मला आता पाठ झाल्यात.

रेटिंग: गाणी साडेतीन, गप्पा दोन, २००७ चं म्याऊ असतं तर गप्पांना डोळे झाकून साडेचार दिले असते. वहिनीला विचारलं तर पाच म्हणाली, पण त्यातलं काय आवडायचं ते अजून सांगत नाही. सब्स्क्रिप्शन मी तूर्तास रिन्यू करत नाहीये.