रामकुंडावरील दशक्रियेची पुरोहितसेवा : एक सविस्तर अभिप्राय

नाशिकच्या पंचवटीत गोदावरीकाठी असलेल्या रामकुंडावर दशक्रिया करून देणाऱ्या गुरुजींविषयी कोणी विचारले, तर लोक सहसा दक्षिणा किती, वेळ पाळली का आणि साहित्य कोणी आणले एवढेच सांगतात. या गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि मीही त्या सांगणार आहे. परंतु घरातले तरुण माणूस गेले असेल, तर गोदावरीवर गेलेल्या कुटुंबाच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, आणि तो सोडवण्याची जबाबदारी कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसली तरी समोर पाटावर बसलेल्या गुरुजींवरच येऊन पडते. देव आईसारखा प्रेमळ आहे असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग सतरा वर्षांच्या मुलाचे पिंड त्याच्या बापाने का करावेत, हा तो प्रश्न. सेवा कशी होती हे ठरवताना मी मुख्यतः याच कसोटीचा विचार केला आहे.

माझा भाचा दोन वर्षे रक्ताच्या कर्करोगाशी झुंजून गेला. त्याच्या आजारपणाविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. दहाव्या दिवसाचा विधी नाशिकलाच करायचा असे माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरकडून ठरले, आणि त्यांच्या गावाची नामावळी, म्हणजे यजमानांच्या वंशावळीची वही, ज्या घराण्याकडे आहे, त्याच घराण्यातील एका मध्यमवयीन गुरुजींशी आम्ही संपर्क साधला. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही असे मला वाटते.

आधी व्यवहाराचे सांगतो. दक्षिणा साहित्यासह फोनवरच ठरली होती आणि शेवटपर्यंत तीच राहिली. तीळ, दर्भ, पत्रावळी, पिंडांसाठीचे पीठ, ताम्हण, पळी, पंचपात्री हे सारे गुरुजींनी आणले होते. आम्ही फक्त धूतवस्त्रे आणि फोटो घेऊन गेलो. क्षौरासाठी नाभिक घाटावरच असतात, मात्र त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि ते आधी विचारून घेतलेले बरे. घाटावरची स्वच्छता मध्यम म्हणावी अशी होती. निर्माल्यासाठी कलश ठेवलेले असतानाही लोक फुले पाण्यातच टाकत होते. कपडे बदलण्याची सोय आहे, पण सकाळच्या गर्दीत ती अपुरी पडते, आणि बायकांची अडचण अधिक होते. वृद्धांनी पायऱ्या जपून उतराव्यात. शेवाळामुळे खालच्या दोन-तीन पायऱ्या फार निसरड्या असतात.

आता विधीविषयी. भाऊजींचे हात थरथरत होते. गुरुजींनी ‘अपसव्य करा’ असे सांगितले, तेव्हा त्यांना खांद्यावरचे उपरणे नीट पालटता येईना. गुरुजींनी मंत्र थांबवला, पुढे वाकून स्वतःच्या हाताने ते उपरणे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतले, बोटातले दर्भाचे पवित्रक सरळ केले आणि जिथे थांबले होते तिथूनच मंत्र पुढे सुरू केला. हे विधीत तीन-चार वेळा घडले आणि एकदाही त्यांच्या चेहऱ्यावर घाई दिसली नाही, जरी शेजारच्या ओट्यावर त्यांचेच दुसरे यजमान खोळंबले होते. बहिणीला तिलांजली द्यायची होती. आमच्याकडच्या एका काकांनी बायकांनी द्यायची नसते असे म्हणताच गुरुजींनी शांतपणे सांगितले, ‘आई आहे ती. या ताई, ओंजळ पुढे करा.’ काका गप्प झाले. एवढ्या एका वाक्यासाठीही मी या सेवेला चांगले म्हटले असते.

कावळा बराच वेळ शिवला नाही. कोणी म्हणाले त्याच्या सायकलीत जीव अडकला असेल, कोणी म्हणाले धाकट्या बहिणीत, आणि प्रत्येक जण पिंडासमोर हात जोडून काही ना काही कबूल करू लागला. या घटकेला कुटुंबाचा धीर सुटतो, आणि इच्छा राहिली, आत्मा अडकला असे काहीबाही सांगून भीती घालायला हीच वेळ सर्वांत सोयीची असते. गुरुजींनी थोडी वाट पाहिली आणि दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात ही सोय आहे, त्यात काही कमी राहत नाही, एवढेच ते बोलले.

सारे आटोपल्यावर बहिणीने तो प्रश्न विचारला. तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘गुरुजी, देव प्रेमळ आहे असे तुम्ही लोक सांगता. मग माझ्या मुलाचे असे का झाले?’ गुरुजी ताम्हण पुसत होते. ते म्हणाले, ‘ताई, मला माहीत नाही. इतकी वर्षे इथे बसतो, पण ते मला कोणी सांगितलेले नाही.’ पुढे कर्म, प्रारब्ध, देवाची इच्छा, चांगली माणसे देवाला आधी हवी असतात, यांतले काहीही त्यांनी जोडले नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला आणि ती प्यायली.

मला हे उत्तर त्या क्षणी अपुरे वाटले, हे नमूद करतो. माझे मत पुढच्या काही दिवसांत बनत गेले. त्याला निमित्त झाले ते घाटावर भेटलेल्या दुसऱ्याच एका मध्यस्थाचे. हा गृहस्थ आमच्या गुरुजींच्या माणसांपैकी नव्हता. विधी संपवून आम्ही पायऱ्या चढत असताना त्याने भाऊजींना बाजूला घेऊन सांगितले की एवढ्या लहान वयातला मृत्यू म्हणजे घराण्याला दोष आहे, पणजोबांच्या पिढीत काहीतरी राहून गेलेले आहे, आणि त्र्यंबकला जाऊन तीन दिवसांची शांत केली नाही तर धाकट्या मुलीलाही त्रास संभवतो. आकडाही त्याने लगेच सांगितला. नारायण-नागबळीसारखे विधी ज्यांना श्रद्धेने करावेसे वाटतात त्यांच्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. परंतु शोकात बुडालेल्या बापाला जिवंत मुलीच्या नावाने घाबरवणे हा प्रकार निंद्य आहे, आणि घाटावर जाणाऱ्या प्रत्येकाने अशा माणसांना ठाम नकार द्यावा.

या दोघांतला फरक केवळ प्रामाणिकपणाचा आणि लबाडीचा आहे असे मानून मला हा विषय सोडता येत नाही. मध्यस्थाजवळ उत्तर होते आणि ते बांधेसूद होते: अमुक पापाचे अमुक फळ. कर्मविपाकाचा हा विचार जुना आहे आणि त्याने असंख्य माणसांना सोसण्याचे बळ दिले आहे, हे मी नाकारत नाही. त्याने जगातला न्याय सांभाळला जातो. पण प्रेमाचे काय? ज्याने न पाहिलेल्या पणजोबांची वसुली सतरा वर्षांच्या मुलाकडून केली, त्याला सावकार म्हणता येईल, माउली म्हणता येणार नाही. दुसरे उत्तर माणसाच्या स्वातंत्र्याचे आहे, की देवाने माणसाला निवड दिली आणि दुःख माणसाने निर्माण केले. हे काही ठिकाणी खरेच लागू पडते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे देवाने लावून घेतलेली नव्हती, माणसांनी लावलेली होती. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमधील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, तिथेही माणसाच्या हलगर्जीपणाला जाब विचारता येतो. रक्तातल्या पेशी बिघडतात त्यात मात्र कोणाची निवड असते? १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले तो सर्व संतांचा सण होता आणि असंख्य लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेले असताना छपरे त्यांच्यावर कोसळली. जे आहे ते सर्व शक्य जगांतले उत्तमच आहे असे म्हणणाऱ्या युरोपातल्या विद्वानांना त्यानंतर उत्तर देणे कठीण झाले होते.

सुतकात भेटायला आलेले शरणपूर रोडवरचे आमचे एक ख्रिस्ती स्नेही बायबलमधल्या ईयोबाविषयी बोलले. ईयोबाची मुलेबाळे गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले, तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणीही एक शब्द बोलला नाही. नंतर ते बोलू लागले, आणि तुझ्याच हातून काही पाप झाले असले पाहिजे असे त्याला नाना परींनी पटवू लागले. शेवटी देवाचा कोप होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ईयोबाने मात्र देवाशी भांडण मांडले होते आणि तरी तो खरे बोलला असा निर्वाळा मिळतो. हे ऐकताना आमच्या दहा दिवसांच्या सुतकाचा मला नव्याने अर्थ लागला. त्या दिवसांत शेजारचे डबा आणून देतात आणि काही न बोलता तासभर बसून जातात. बौद्ध परंपरेतल्या किसा गोतमीलाही बुद्धांनी मुलाच्या मरणाचे कारण सांगितले नाही. ज्या घरी कोणी मेलेले नाही तिथून मूठभर मोहरी आण, असे एक काम सांगितले, आणि दारोदार फिरताना तिला तिच्यासारखीच माणसे भेटत गेली.

आमच्या गुरुजींनी नेमके हेच केले असे मला आता वाटते. हाताला काम दिले: पीठ मळा, तीळ घाला, ओंजळ भरा, खांदा पालटा. आणि जे आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्याचा आव आणला नाही. प्रेमळ देवावरचा माझा विश्वास टिकला आहे, पण तो कोणत्याही स्पष्टीकरणामुळे टिकलेला नाही, आणि उद्या कोणी निर्दोष स्पष्टीकरण आणून दिले तर ते मी बहिणीसमोर मांडणार नाही.

या जागेचाही त्यात काही वाटा असावा. गोदावरी येथे दक्षिणवाहिनी होते आणि दक्षिण ही पितरांची दिशा. प्रत्यक्ष रामाने दशरथाचे श्राद्ध या काठावर केले अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्याला आपण देव म्हणतो तोही येथे हातात तीळ घेऊन उभा राहिलेला मुलगाच. वर पायऱ्या चढून गेले की कपालेश्वर आहे. तिथे महादेवासमोर नंदी नाही, कारण ब्रह्महत्येचे पातक घेऊन भटकणाऱ्या शंकराला रामकुंडात स्नान करण्याची वाट नंदीने दाखवली आणि शंकराने त्याला गुरू मानले, अशी कथा सांगतात. दुःखाच्या वर कुठेतरी सुरक्षित बसलेला देव या घाटाच्या कथांत सापडत नाही. कथांनी प्रश्न सुटतो असे माझे म्हणणे नाही. बहिणीला मी यांतले काही सांगितले तेव्हा तिने ऐकून घेतले आणि विषय बदलला. तिने देवघरात दिवा लावणे थांबवले आहे, भाऊजी लावतात, आणि त्यावरून घरात कोणी कोणाला बोलत नाही.

सेवेतल्या उणिवाही लिहायला हव्यात. एकाच वेळी दोन यजमान घेण्याची पद्धत मला पटली नाही. गुरुजींनी आम्हाला घाई केली नाही हे खरे, पण शेजारच्या कुटुंबाला त्यामुळे उन्हात ताटकळावे लागले. मंत्रांचा अर्थ विचारल्याशिवाय सांगितला जात नाही. विचारल्यावर मात्र त्यांनी सोप्या मराठीत सांगितला, आणि तो आधीच दोन वाक्यांत सांगितला असता तर मागे उभ्या असलेल्या मुलांना आपण काय पाहत आहोत हे कळले असते. पावती मिळत नाही. घाटावर ध्वनिक्षेपकावरच्या सूचना सतत चालू असतात आणि काही वेळा मंत्र ऐकू येत नाहीत. अर्थात तो दोष गुरुजींचा नव्हे.

जाणाऱ्यांनी शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे पंचवटीतल्या रस्त्यांवर कामे निघतात, त्यामुळे वाहन दूर लावून चालत येण्याची तयारी ठेवावी. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पाणी कुठवर आहे याची आदल्या दिवशी चौकशी करावी, कारण पूर असला की विधी वरच्या बाजूला हलवतात आणि गुरुजींना शोधण्यात वेळ जातो. दक्षिणा आधी ठरवावी, घाटावर स्वतःहून जवळ येणाऱ्याशी बोलू नये, आणि घरातल्या बायकांना तिलांजली द्यायची असेल तर तसे फोनवरच सांगून ठेवावे.

भाऊजींनी निघताना वर्षश्राद्धाविषयी विचारले. गुरुजी म्हणाले की त्यासाठी इथवर यायलाच हवे असे नाही, तुमच्या गावातल्या गुरुजींकडूनही घरी करता येते. ताईंना इथे पुन्हा यावेसे वाटले तरच या, आणि येणार असाल तर आठ दिवस आधी फोन करा.